मीटरबॉक्सखालचा कॅरम

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. हे मी अभिमानाने सांगते, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगते. बाईंकडे खोली बघायला गेलेले तेव्हा तर चहा यायच्या आधीच सांगून टाकलेलं.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "छान. गॅस खालून बंद करता येतो ना?"

"येतो."

"मग राहा. तुझ्या आधीची एम.कॉम. होती. तिला येत नव्हतं."

अशी मी ठाकुर्लीला बाईंची भाडेकरू झाले. आमचं घर शहाडला. तिथे दोन खोल्या, सहा माणसं आणि कायम चालू असलेला टीव्ही. मला ठाण्याच्या एका बँकेत नोकरी लागलेली आणि पुढची परीक्षा द्यायची होती. पुस्तक उघडलं की मांडीवर कोणाचं तरी पोर येऊन बसायचं. म्हणून अभ्यासापुरती खोली घेतली. बाई डोंबिवलीच्या एका शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. एकट्याच राहायच्या. अख्खी बिल्डिंग त्यांना बाई म्हणायची, म्हणून मीही बाईच म्हणायला लागले. लग्न का नाही केलं, असं त्यांना विचारायची हिंमत नवीन माणसंच करायची. त्यांना उत्तर ठरलेलं होतं. "वेळापत्रकात बसलं नाही."

पहिल्या रविवारी आई शहाडवरून माझी राहायची जागा तपासायला आली. लग्नाआधी पोरगी भाड्याने राहते म्हणजे काय, हे तिच्या कपाळावर लिहिलेलंच होतं. पिशवीत सुकटीची चटणी आणि वर कागदात गुंडाळलेले चार बोंबील. दारातूनच तिने मुद्द्याला हात घातला.

"बाई, तुमच्याकडे मच्छी चालते का? आधीच विचारते. नंतर बोलणी नकोत."

"चालते," बाई म्हणाल्या. "पण डोकं काढून टाकणार असाल तर नाही चालत. चव तिथेच असते."

आईने चपला काढल्या आणि आत येऊन बसली. जाताना जिन्यात मला म्हणाली, "बाई बरी आहे. जरा चक्रम आहे, पण बरी आहे."

चक्रम म्हणजे काय, ते मला हळूहळू कळत गेलं.

बाईंचं असं ठाम मत होतं की संसारातली निम्मी दुःखं झाकणांमुळे होतात. भांडी टिकतात, झाकणं जातात. कोणतं झाकण कोणत्या डब्याचं, यावर त्यांचं आणि माझं दर आठवड्याला एक भांडण व्हायचं. मी एकदा चिडून म्हटलं, "बाई, बसतंय ना? मग बसू दे की!" त्यावर त्या म्हणाल्या, "बसतंय आणि त्याचंच आहे, यात फरक आहे. पदवीला हे नव्हतं का?" माझ्या पदवीला त्या वर्षभर असंच कुठे ना कुठे ओढत राहिल्या. दूध उतू गेलं, पदवीला हे नव्हतं का. ओला टॉवेल पलंगावर पडला, पदवीला हे नव्हतं का. मी माझं सर्टिफिकेट फ्रेम करून खोलीत लावलेलं. त्याच्यावरची धूळ मात्र त्याच पुसायच्या, मी ऑफिसला गेल्यावर. मला माहीत नाही असं त्यांना वाटायचं.

इस्त्री हा त्यांचा शौक होता. साड्या ठीक आहे, पण बाई भाजीच्या कापडी पिशव्यांनाही इस्त्री करायच्या. हातपुसण्यांनाही. कडक इस्त्रीची पिशवी घेऊन बाजारात गेलं की भाजीवाला नीट कोथिंबीर देतो, असा त्यांचा दावा. मी एकदा चुरगळलेली पिशवी नेली आणि खरंच पिवळी कोथिंबीर मिळाली, तेव्हापासून मी त्या विषयावर बोलणं सोडलं.

दुसरा शौक म्हणजे दुधाच्या पातेल्याची खरवड. पातेलं रिकामं झालं की त्या चमचा घेऊन बसायच्या आणि तळ असा खरवडायच्या की शेजारच्यांना वाटावं सुतार आलाय. मग एका वाटीत साखर घालून, गॅलरीत उभं राहून, कोणाशीही न बोलता खायच्या. मला खरवड आवडते हे कळल्यावर त्यांनी वार ठरवून दिले. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांची. माझ्या वाट्याला मंगळवार आणि गुरुवार. शनिवारी पातेलं घासायला. रविवारी आई आली तर आईची.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी फुलं, सूर्य, सुविचार यायचे. लोक हात जोडायचे, अंगठे दाखवायचे. बाई प्रत्येक सुविचाराला उत्तर द्यायच्या. "आयुष्य हे पाण्यासारखे वाहते असावे" यावर बाईंचं उत्तर, "आधी टाकीचा व्हॉल्व्ह दुरुस्त करा." सेक्रेटरींनी "हसत रहा" पाठवलं की बाईंचं ताबडतोब, "कारण?"

पण या सगळ्या गोष्टी दिवसाच्या. बाई खऱ्या दिसायच्या त्या संध्याकाळी साडेसहाला, खाली.

बिल्डिंगच्या तळाशी, जिन्याला लागून मीटरबॉक्सखाली एक कोपरा होता. तिथे लाकडी स्टूल, त्यावर कॅरम बोर्ड आणि वर लोंबणारा दिवा. बोर्ड बाईंचा. दिवा सोसायटीचा. पावडर जुन्या टाल्कमच्या डब्यात. बाई कॉटनच्या साडीचा पदर कमरेला खोचून पाटावर उशी टाकून बसायच्या आणि खेळ सुरू व्हायचा. कायमची माणसं तीन. एक बाई. दुसरे दुसऱ्या मजल्यावरचे पवारकाका, कंपनीतून रिटायर झालेले. तिसऱ्या, तळमजल्याच्या टेलरकाकू. त्या ब्लाऊज शिवायच्या, आणि गळ्यातली टेप कधीच काढायच्या नाहीत. चौथा जो जिन्यावरून जाईल तो. दूधवाला, कुरिअरवाला, कोणाचे तरी पाहुणे, मी.

"ए पदवीधर, ये. जागा रिकामी आहे."

"बाई, अभ्यास आहे."

"एक बोर्ड. अभ्यास कुठे पळून जात नाही, तुझा तर नाहीच."

त्या बोर्डावर एकच कायदा कडक होता. आजारपणाचं बोलायचं नाही. शुगर, गुडघे, बीपी, यातलं काहीही तोंडातून निघालं की तुमची पाळी गेली. पवारकाकांच्या सगळ्यात जास्त पाळ्या याच कायद्यात जायच्या. एकदा ते नुसतेच कमरेला हात लावून "आई गं" म्हणाले.

"गेली पाळी," बाई म्हणाल्या.

"अहो, मी काय आजाराचं नाव घेतलं? आईचं घेतलं!"

"हात कुठे होता?"

टेलरकाकू हसून हसून पाटावरून पडायच्या बाकी होत्या. "पवार, आईला पुढच्या वेळी छातीवर हात ठेवून हाक मारा."

"नको, मग हार्ट म्हणतील," पवारकाका म्हणाले आणि लगेच जीभ चावली. तीही पाळी गेली.

मला खेळायला बाईंनीच शिकवलं. म्हणजे शिकवलं असं नाही, टोमणे मारले. मी स्ट्रायकर असा हाणायचे की सोंगट्या उडून मीटरबॉक्सला लागायच्या.

"तू जोरात का मारतेस सांगू?" बाई म्हणाल्या. "सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे असं तुला वाटतं."

मला ते लागलं. मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे हळू मारलेलं कोणी मोजत नाही."

 बाईंनी पावडरचा डबा माझ्याकडे सरकवला. "मार मग. पण सोंगटी तूच शोधून आणायची."

हे असं छान चाललेलं असताना आमच्या सेक्रेटरींनी गाडी घेतली.

सेक्रेटरी वाईट माणूस नव्हता. तिसऱ्या मजल्यावर राहायचे, एका कंपनीत सेल्समध्ये. शीळफाट्याचं ट्रॅफिक हा त्यांचा एकमेव विषय. आधी ते बाईकवरून शिव्या घालायचे, आता गाडीत बसून घालायचे, एवढाच फरक. गाडी नवीन, पांढरी, आणि मागे घेताना गाणं म्हणणारी. पण आमच्याकडे पार्किंग सगळं भरलेलं. पहिला महिना गाडी रस्त्यावर राहिली. कोणीतरी तिच्यावर चावीने रेघ ओढली, वरून कबुतरांनी काय करायचं ते केलं. सेक्रेटरींची झोप उडाली. गेटपासून जिन्यापर्यंत ते टेप घेऊन फिरायला लागले, तीसुद्धा टेलरकाकूंच्या दुकानातली जुनी. आणि मीटरबॉक्सखाली थांबले.

रविवारी खालीच प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून सोसायटीची मीटिंग झाली.

"प्रॅक्टिकली बघा," सेक्रेटरी म्हणाले. "हा कोपरा ओपनच आहे. गाडी बरोबर बसते. मी रीतसर चार्ज भरीन. कॅरमचं काय, बाईंच्या हॉलमध्ये पण खेळता येईल. एवढा मोठा हॉल आहे."

"हॉलमध्ये नाही खेळता येणार," बाई म्हणाल्या.

"का नाही? फॅन आहे, चहा आहे."

"घरात खेळायचं तर बेल वाजवून यावं लागतं. बेल वाजवून कोण येतं? ज्याला काम असतं तो. हे पवार कधी बेल वाजवतील का? ही टेलरबाई? इथे लोक जाता जाता अडकतात. तो कोपरा गेला की बोर्ड गेला, सेक्रेटरी. मग मी वर, हे वर, आणि संध्याकाळी सगळे आपापल्या टीव्हीसमोर गुडघे चोळत."

पहिल्यांदाच बाईंच्या तोंडून गुडघ्यांचं नाव ऐकलं. 

मग नेहमीचं झालं. अर्धी बिल्डिंग म्हणाली गाडी, अर्धी म्हणाली कॅरम. ज्यांचं दोन्हीशी घेणंदेणं नव्हतं ते सगळ्यात जास्त बोलले. चहा दोनदा झाला. शेवटी सेक्रेटरी वैतागून म्हणाले, "बाई, असं करू. एक बोर्ड खेळू. तुम्ही आणि मी. जिंकेल त्याचा कोपरा. आणि आधीच सांगतो, मी कॉलेजमध्ये चॅम्पियन होतो."

"कोणत्या कॉलेजात?" बाईंनी विचारलं. ते ऐकून मला लगेच कळलं की मॅच पक्की झाली.

पुढच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजल्यापासून लोक जमले. कोणीतरी भेळ आणलेली. बाई खोलीतून बाहेर आल्या आणि मी बघतच राहिले. जांभळी सिल्कची साडी, मोठ्या काठाची, घडी मोडलेली दिसत होती.

"बाई, कॅरमला ही साडी?"

"मॅच आहे. घरातल्या साडीत जाऊ?"

मी आपली इस्त्रीची तारीफ केली आणि आम्ही खाली गेलो.

सेक्रेटरी खरंच चांगले खेळायचे. हे मान्य करायला आम्हाला जड गेलं, पण खेळायचे. काळ्या त्यांच्या, पांढऱ्या बाईंच्या. फटाफट चार काळ्या गेल्या तेव्हा पवारकाका भेळ खायचे थांबले. पण बाईंनी मधे राणी घेतली, कव्हर केली, आणि हळूहळू बरोबरीला आल्या. शेवटी बोर्डावर एक काळी आणि एक पांढरी. पाळी बाईंची. पांढरी समोरच्या खिशाजवळ कडेला चिकटलेली. काळी अलीकडे, बाईंच्या डाव्या हाताशी.

बाई पुढे वाकल्या. स्ट्रायकर असा सोडला की आवाजसुद्धा आला नाही. पांढरी कडेकडेने सरकत गेली, खिशाच्या तोंडाशी जरा विचारात पडली, आणि आत.

केवढा आरडाओरडा झाला! टेलरकाकूंनी गळ्यातली टेप काढून हवेत फिरवली. मी त्यांना पहिल्यांदाच टेपशिवाय बघत होते. सेक्रेटरी चेहरा पाडून हात पुढे करत होते, एवढ्यात बाई म्हणाल्या,

"फाऊल."

कोणाला काही कळेना.

"वाकले तेव्हा पदर घसरला. त्या काळीला लागला. हलली ती."

"कुठे हलली?" पवारकाका उसळले. "मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो! नाही लागला पदर!"

"पदर तुमचा होता का माझा?"

त्यांनी खिशातून पांढरी काढली, दंडाची आणखी एक काढली, आणि दोन्ही मधे ठेवल्या. सिल्कचा पदर आता घट्ट खोचला. कॉटनचा कधी घसरला नव्हता, आणि आज मॅच म्हणून सिल्क.

सेक्रेटरींची फार पंचाईत झाली. "बाई, जाऊ द्या ना. मी नाही धरत फाऊल."

"तुम्ही कोण धरणारे आणि न धरणारे? मारा. आणि मुद्दाम चुकवलंत तर पुन्हा मारायला लावीन."

काळी खिशाच्या समोर सरळ उभी होती. चुकवायलाच कौशल्य लागलं असतं. सेक्रेटरींनी मारली, गेली. कोणी टाळी वाजवली नाही. त्यांच्या मिसेसनेपण नाही.

वर आल्यावर माझा तोल सुटला. "बाई, कोणालाच दिसलं नव्हतं! कोणालाच! एवढ्या माणसांत एकालाही दिसलं नाही!"

बाई सिल्कच्या साडीची घडी घालत होत्या. "मला दिसलं ना. मी कोणीच नाही का?"

पदवीला हे नव्हतं.

पुढचा आठवडा घरात भयंकर गेला. साडेसहा वाजले की बाई इस्त्री तापवायच्या. पिशव्या झाल्या, पडदे झाले, माझे रुमाल झाले. गुरुवारी त्या फरशी पुसायच्या फडक्याला इस्त्री करताना दिसल्या तेव्हा मी खरंच घाबरले. शुक्रवारी खरवड त्यांची होती, ती त्यांनी मलाच दिली. पवारकाका एकदा आमच्या दारापर्यंत आले, बेलकडे हात नेला, आणि परत गेले. मी दाराच्या फटीतून बघितलं. टेलरकाकू दुकान बंद करून शटरशीच उभ्या राहायच्या, कोणाची तरी वाट बघत असल्यासारख्या. ग्रुपवर सेक्रेटरींनी "हसत रहा" पाठवलं. बाईंनी उत्तर दिलं नाही.

शनिवारी बाई गॅलरीत उभ्या होत्या. अचानक मला हाक मारली.

"खाली काय दिसतं?"

"कोपरा."

"गाडी?"

"नाही. ते आठला येतात. शीळफाट्याला अडकलेले असतील."

"म्हणजे कोपरा रिकामा आहे."

"पण बाई, आपण हरलो ना?"

"गाडी लावायची जागा हरलो," बाई म्हणाल्या. त्यांचा हात पदर खोचायला कमरेकडे गेलाच होता. "गाडी कुठाय? बोर्डाचं एक टोक धर."

दहा मिनिटांत दिवा लागला. टेलरकाकू कैची हातातच घेऊन आल्या. पवारकाका एवढ्या जोरात जिना उतरले की त्यांचे गुडघे दुखतात यावर माझा पुन्हा कधी विश्वास बसला नाही.

आठच्या सुमाराला गेटशी हॉर्न वाजला. बोर्ड अर्ध्यावर होता. मला वाटलं, आता बाई भांडणार. पण बाई ताबडतोब उठल्या.

"त्यांची जागा आहे. उठा. सोंगट्या हलवायच्या नाहीत. चौघांनी चार कोपरे धरा."

आम्ही बोर्ड जशाच्या तसा उचलला आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिलो. मी, बाई, पवारकाका, टेलरकाकू. मधे बोर्ड. बोर्डावर सोंगट्या, बरोबर मधोमध राणी. सेक्रेटरींची गाडी गाणं म्हणत मागे यायला लागली. तिच्या मागच्या दिव्यांच्या उजेडात आम्ही चौघं थरथरत.

"पवार, सरळ धरा. राणी घसरतेय."

"बाई, हात—"

"हाताला काय झालं?" बाईंनी विचारलं. पवारकाकांनी आपला कोपरा सरळ केला.

गाडी थांबली. सेक्रेटरी खाली उतरले आणि आमच्याकडे बघत राहिले. "अहो, हे काय! ठेवा ना खाली! बोर्ड संपवा तुम्ही, मी थांबतो ना."

"नाही, नाही. जागा तुमची. नीट लावा. डावीकडे अजून वीतभर आहे."

त्यांनी लावली. घामाघूम झालेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी हॉर्न वाजवलाच नाही. गाडी गेटबाहेरच ठेवली, आत येऊन आमच्या मागे उभे राहिले आणि म्हणाले, "चालू द्या, चालू द्या. घाई नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "काकू, इकडून कट मारा." आणखी थोड्या वेळाने पवारकाकांना खोकला आला. खोकला आजारात धरायचा की नाही यावर वाद झाला, पवारकाका रागावून उठले, आणि जागा रिकामी झाली.

"बसा," बाई म्हणाल्या. "उभं राहून चॅम्पियन होत नाही."

सेक्रेटरींनी टाय सैल केला, उकिडवे बसले आणि स्ट्रायकरला पावडर लावली. रागावलेले पवारकाका त्यांच्या पाठीशी उभे राहून सल्ला द्यायला लागले.

बऱ्याच वेळाने वरून सेक्रेटरींच्या मिसेसचा आवाज आला. "अहो! गाडी लागली का?"

"लागतेय, लागतेय!" सेक्रेटरी बोर्डावरून नजर न काढता ओरडले. गेटबाहेर त्यांच्या गाडीचे इंडिकेटर लुकलुकत होते.

"बोलू नका," बाई म्हणाल्या. "राणी घेतलीत. आता कव्हर करा."